धाब्यावरची माती

छताची तुळई कडकली तेव्हा प्रयागबाई चुलीवर पाणी तापवत होती. तिनं मान वर केली. तुळई मधोमध वाकली होती आणि ओली माती खाली, बाळंतकळा देत पडलेल्या सुनेच्या, चतुराच्या अंगावर पडत होती.

"हिरीबाई, चतुरीले बाहेर नेता येईन का?"

सुईण हिरीबाईनं मान हलवली. "आता नाही. डोकं दिसून राह्यलं."

झडीचा, न थांबणाऱ्या पावसाचा, हा सहावा दिवस. रिठदात सारी घरं धाब्याची, म्हणजे वर सपाट मातीचं छत. दर साली पावसाळ्याआधी त्यावर नवी माती घालायची, की गळत नाही. मागच्या साली गाव मुंबई राज्यात गेलं; राज्य बदललं, पण ही रीत काही बदलली नाही. नवी घालायची सगळ्यांना ठाऊक, जुनी काढायची अक्कल कोणाच्या बापाला आली? प्रयागबाईच्या धाब्यावर हातभर थर साचला होता. तिचा नवरा इंद्रभान मिशीला पीळ देऊन गावभर सांगायचा, आमच्या घरात थेंब गळत नाही. आता ती सगळी माती पाणी पिऊन फुगली होती.

प्रयागबाईनं डोक्यावर पोत्याची खोळ घेतली, फावडं उचललं आणि शिडीला हात घातला. तिचा लेक जगदेव धावत आला.

"माय, तू ऱ्हाय. मी चढतो."

"तू जड हाय. छत तुले नाही झेलनार. तू आत जाऊन तुळईले टेकू दे."

"आत? बाळंतिनीच्या खोलीत?"

"जाय म्हंते ना."

ओसरीवरून इंद्रभान गरजला, "कायले छत खंदतं व? पानी धो धो आत येईन. लेकरू गारठून मरन."

"पस्तीस वर्सं मीच टोपली वाह्यली वर. खाली उतरवाचं ना तुमाले सुचलं, ना मले. पानी पुसता येते, जगदेवचे बाबा."

ती भिंतीच्या कडेनं, एकेक पाऊल दाबत गेली. छत पायाखाली मऊ लागत होतं. जीव मुठीत धरून ती तुळईवरची माती ओढू लागली. चिखलाचे गोळे अंगणात धपाधप पडू लागले. खाली चतुरा किंचाळली. तुळई पुन्हा कडकली. आपल्याच वजनानं मोडते की काय, असं प्रयागबाईला वाटलं. तिनं फावडं टाकलं, पोटावर आडवी झाली आणि हातांनी माती उकरू लागली. नखांतून रक्त आलं तरी तिचे हात थांबले नाहीत.

एकाएकी खालचं ओरडणं थांबलं. काहीच ऐकू येईना, नुसता पाऊस. प्रयागबाईचे हात जागच्या जागी राहिले.

मग हिरीबाईचा आवाज आला. "प्रयागबाई, नाळ कापाची हाय. पानी गळून राह्यलं, जरा झाक."

तिनं डोक्यावरची खोळ ओढून उकरलेल्या जागेवर अंथरली, उघड्या डोक्यानं छताला कान लावला आणि तशीच पडून राहिली.

इंद्रभान भर पावसात अंगणात आला होता. घोटाभर चिखलात उभं राहून त्यानं वर पाहिलं.

"काय झालं व? पोरगं का पोरगी?"

"रडून राह्यलं," प्रयागबाई म्हणाली, आणि पुढची माती उकरू लागली.