दारे असल्यास

जीपला दारं नव्हती. एकही नाही. परीक्षकांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मग उलट्या बाजूनं दुसरी मारली, जणू तिकडून पाहिलं तर दारं दिसतील.

“ही गाडी परीक्षेला चालणार नाही,” ते म्हणाले.

“कुठल्या नियमानं?” परीक्षेला आलेल्या नर्सबाईंच्या भावानं विचारलं. डोंगरदऱ्यांत चालवायची ती जीप त्याची. गॅरेजही त्याचं, त्यामुळे दारं उतरवणं म्हणजे त्याच्या हातचा मळ.

परीक्षकांना नियम विचारायचा नसतो, हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक होतं. वीस वर्षांत त्यांनी नियम सोडून कुणाला वाहन परवान्याच्या परीक्षेत पास केलं नव्हतं, की नापासही. ते तावातावानं आत गेले, पुस्तक घेऊन आले आणि जीपच्या बॉनेटवरच ठेवून पानं उलटू लागले. पट्टे हवेत. होते. आरसे हवेत. आरसे दारांवर असतात, म्हणून त्यांचा चेहरा क्षणभर खुलला. पण भावानं ते पुढच्या काचेच्या चौकटीला पक्के बसवून आणले होते. शेवटी दारांचं कलम सापडलं. ‘दारे असल्यास ती नीट बंद होणारी असावीत.’

त्यांनी ते दोनदा वाचलं.

“असल्यास,” भाऊ त्यांच्या खांद्यावरून डोकावून म्हणाला. “नाहीत.”

“दादा, तू गप्प बस,” नर्सबाई म्हणाल्या.

त्यांची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळी परीक्षकांनीच त्यांच्या कागदावर शेरा मारला होता: ‘दार लावताच हात थरथरतात. गाडी सुरू केली नाही.’ घरोघरी जाऊन रुग्ण तपासायची नोकरी त्यांना मिळाली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं, पण परवाना दाखवल्याशिवाय नाही. आज शुक्रवार होता.

नियमच आडवा येत नाही म्हटल्यावर परीक्षकांचा इलाज चालेना. ते नर्सबाईंच्या शेजारी चढून बसले, पट्टा आवळला, समोरची दांडी घट्ट धरली आणि गाडी निघाली. पायाशी वीतभर अंतरावरून रस्ता पळत होता. लोकांना घाम फोडण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना आज स्वतःला घाम फुटला.

“साहेब, ती दांडी सोडलीत तरी चालेल,” नर्सबाई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. “पट्टा आहे.”

“सवय आहे मला धरायची,” परीक्षक म्हणाले. साफ खोटं.

चढावर थांबवून गाडी पुन्हा काढायची होती, ती नर्सबाईंनी काढली. दोन खांबांमधून मागे न्यायची होती, नेली. चूक काढायला त्यांनी जागाच ठेवली नाही. हात जराही थरथरले नाहीत. हीच का ती बाई, असं परीक्षकांना वाटून गेलं.

परत आल्यावर त्यांनी सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या. मग पेन थांबलं.

“नोकरीत गाडी कसली मिळणार?”

“बंद. चार दारांची.”

कागदावर शेवटी अटींचा रकाना असतो. कुणाला तिथे चष्म्याची अट पडते, कुणाला आणखी कसली. ‘फक्त बिनदारांची गाडी’ एवढं लिहिलं की नियमही पाळला जाणार होता आणि आपण कुणाला मरायला रस्त्यावर सोडलं, असंही वाटणार नव्हतं. नोकरी मात्र गेलीच म्हणायची.

“दार लावलं की होतं काय तुम्हाला?” त्यांनी विचारलं. दोन परीक्षा घेतल्या, पण हे त्यांनी आजवर विचारलंच नव्हतं.

“तीन वर्षांपूर्वी आमची गाडी कालव्यात गेली. हे चालवत होते.” नर्सबाईंचा आवाज कामावर असल्यासारखा सरळ होता. “माझ्या बाजूचं दार उघडलं. ह्यांच्या बाजूचं नाही उघडलं.”

भाऊ उगाचच टायर बघायला गेला. आपल्याच अक्षरातले ते दोन शेरे आठवून परीक्षकांना लाज वाटली.

“मग सोमवारी काय करणार?”

“तेच बघायचंय. ती कोपऱ्यातली गाडी तुमचीच ना? इथल्या इथे, आवारात, एक फेरी मारू द्या. मग काय लिहायचं ते लिहा.”

हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. परीक्षकांनी पुस्तक उघडलं नाही. खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

नर्सबाई चालकाच्या जागेवर बसल्या. परीक्षक शेजारी बसले. नर्सबाईंनी आपल्या बाजूचं दार ओढायला हात लावला आणि तो हात तिथेच राहिला. बराच वेळ राहिला. परीक्षकांनी घाई केली नाही.

“मी माझं लावते,” शेवटी त्या म्हणाल्या. “तुमचं उघडं ठेवाल?”

“ठेवतो.”

नर्सबाईंनी आपलं दार लावलं. स्टिअरिंगवर हात आले तेव्हा ते थरथरत होते, बांगड्या वाजण्याइतके. किल्ली एकदा फिरली, निसटली, पुन्हा फिरली.

“उघडंय ना?” त्यांनी समोर बघत विचारलं.

“सताड.”

गाडी हिसका देऊन निघाली. त्या हिसक्यानं दार मिटायला आलं, तेव्हा परीक्षकांनी आपला बूट मधे घातला.