हिरव्या मफलरचं बदक

"जेरल्डला हिरवा दे," एव्हरिल म्हणाली. "लाल त्याला शोभत नाही."

डेस्मंडने लाल रंगातला कुंचला फडक्याला पुसला आणि हिरव्या डबीत बुडवला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली होती आणि त्यांवर पिवळी रबरी बदकं ओळीने बसली होती. उद्या ईस्टरचा सोमवार. गावच्या ओढ्यात शर्यत होणार आणि जमतील ते पैसे टेकडीवरच्या शुश्रूषागृहाला जाणार. बदकांवर नावं घालण्याचं काम दर वर्षी याच घराकडे असे.

बाकीच्या बदकांच्या पोटावर एव्हरिलने नुसती नावं लिहिली होती. जेरल्डच्या बदकाला मात्र गळ्यात मफलर हवा होता, आणि तो डेस्मंडने रंगवायचा होता, कारण कुंचल्याचं बारीक काम तिला हल्ली जमत नसे.

"माझ्या नावाचं कधी घेणार आहेस?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

तिची लेखणी थांबली. "तुझ्या नावाचं नाही घेणार."

"जेरल्डचं बरं दर वर्षी घेतेस."

"जेरल्डची गोष्ट वेगळी." ती उठली आणि त्याच्याकडे पाठ करून किटलीत पाणी भरू लागली. किटली भरून वाहू लागली तरी नळ चालूच राहिला.

डेस्मंडने मफलरला गोंडे काढले. जेरल्डची गोष्ट वेगळीच असायची. जेरल्ड आधीचा, डेस्मंड नंतरचा. भिंतीवरचं फडताळ जेरल्डने ठोकलेलं, परसातला रुबार्ब जेरल्डने लावलेला. दर गुरुवारी एव्हरिल टेकडीवर जाई, तिथल्या लोकांना वाचून दाखवायला. तिथली वाट तिला लागली तीही जेरल्डपायी. फेब्रुवारीत डेस्मंडच्या हृदयाने दगा दिला, तेव्हा ती इस्पितळात रोज त्याच्या उशाशी बसून होती. एका दुपारी तिला बसल्या बसल्या डुलकी लागली आणि झोपेत तिने हाक मारली. ती जेरल्डला.

त्याने तिला हे कधी सांगितलं नव्हतं. विसरलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून पुलाखालच्या वळणावर उभा राहिला. झाडांच्या मुळांत अडकलेली बदकं सोडवायची, एवढंच काम. सोबतीला नॉरिस होता. वय सत्तरीच्या पुढे, पण तोंडाला विश्रांती नाही.

"काय गड्या, बायकोनं उतरू दिलं पाण्यात?"

"भांडून आलो."

"जिंकलास?"

"पाण्यात उभा आहे ना?"

पुलावरून टोपल्या पालथ्या झाल्या. बदकं धबाधबा पडली, एकमेकांवर आपटली आणि प्रवाहाला लागली. नॉरिसने डोळे बारीक केले.

"आमची आई बघ, पुलाखालीच रेंगाळलीय. भेटलं असेल कुणीतरी गप्पा मारायला." तो खुदकन हसला. "आणि तुमचा जेरल्ड बघ. सगळ्यांच्या पुढे."

"आमचा कसला?"

"तुझ्या घरचाच की."

वरून एव्हरिलचा आवाज आला. "याला कायमचीच घाई." पुलाच्या कठड्यावर वाकून ती हसत होती. असं हसू डेस्मंडने सबंध हिवाळ्यात पाहिलं नव्हतं.

हिरव्या मफलरचं बदक वळणावर आलं. नॉरिस काठीने दुसऱ्या काठची बदकं मोकळी करत होता. डेस्मंडने पाय उचलला आणि बदकावर ठेवला. रबर तळाशी दबलं. बुटाखालून वर यायला ते धडपडत होतं. त्याने पायावर आणखी भार टाकला.

बाकीची बदकं त्याच्या गुडघ्यांना घासून पुढे गेली. नॉरिसची आईही सावकाश गिरक्या घेत गेली.

खाली हाकेच्या अंतरावर, शर्यत संपते तिथे लावलेल्या जाळ्यापाशी एव्हरिल येऊन बसली होती. एकेक बदक उचलून त्याचं पोट बघायची आणि टोपलीत ठेवायची. पहिलं आलेलं नाव पुकारलं गेलं, टाळ्या झाल्या, माणसं चहाच्या तंबूकडे वळली. ती जाळ्यापाशीच राहिली.

"जेरल्ड दिसला का रे?" तिने विचारलं.

"अडकला असेल कुठेतरी." हे वाक्य त्याने तयारच ठेवलं होतं. आता ती म्हणेल, शोध. आता रडेल. त्याने पाय घट्ट रोवला.

एव्हरिलने हातातलं बदक टोपलीत ठेवलं. "असू दे," ती म्हणाली. "तू ये बाहेर. पाणी गार आहे, तुला बाधेल."

"पण त्याचं बदक—"

"तू ये आधी."

डेस्मंड तसाच उभा राहिला. मग त्याने पाय उचलला.

बदक टुणकन वर आलं. मफलरला चिखल लागला होता. स्वतःभोवती एक गिरकी घेऊन ते आपल्या चालीने जाळ्याकडे निघालं. एव्हरिलने ते दोन्ही हातांनी उचललं आणि अंगठ्याने चिखल पुसला.

"आज बरा उशीर केलास," ती बदकाला म्हणाली.

डेस्मंड निथळत काठावर चढला. तिच्याकडे बघायचा त्याला धीर होईना. तेवढ्यात हातात चहाचा पेला घेऊन एक बाई जवळ आल्या. गावात नुकत्याच राहायला आल्या होत्या.

"किती मजा आली हो," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी एक बदक माझ्या नावाचं आणि एक आमच्या ह्यांच्या. नावं तुमच्याकडेच द्यायची ना?"

नॉरिस काठीच्या टोकाकडे निरखून बघू लागला. एव्हरिलने डेस्मंडची ओली बाही मुठीत धरली, आणि धरूनच ठेवली.

"तुमची नावं नाही घेता येणार, बाई," ती म्हणाली. "ही बदकं आम्ही आमच्या गेलेल्या माणसांच्या नावानं सोडतो."