व्याह्यांचं पथ्य

आमच्या लेकीच्या, आभाच्या होणाऱ्या सासरी, कोलकात्यातल्या बेहालाला, आम्ही पहिल्यांदाच जेवायला गेलो होतो. ह्यांचं सतत बिघडणारं पोट वर्षभर पथ्य पाळून नुकतं कुठे ताळ्यावर आलं होतं. आणि समोर तुपात तळलेल्या मैद्याच्या पुऱ्या, म्हणजे लुच्या, कांदा-लसणातलं मटण, दुधाची खीर. "थोडं तरी खा, सोयरिकीचा प्रश्न आहे," मी कुजबुजले. ह्यांनी लुचीला हात लावला, तोच व्याही ओशाळून म्हणाले, "रागावू नका, दिगंबरबाबू. माझं पोट बरं नसतं. मी आपला कच्च्या केळ्याचा रस्सा-भात खातो."

"मग मलाही तोच वाढा," हे म्हणाले. दोघांनी मिळून पातेलं संपवलं.

निघताना मी विहीणबाईंना विचारलं, "व्याह्यांना हा त्रास कधीपासून?"

"सकाळी आभाचा फोन आला, तेव्हापासून."