पाखऱ्याच्या झुलीवरचा अग्निबाण

एक अंजिरी लुगडं, पदराशी विरलेलं.

सिनेमाच्या तंबूच्या दोरीला अडखळून गुडघा फोडून घेतलेली पोरगी. रडायचं विसरून ती वरच बघत राहिली होती.

तालुक्याच्या हॉटेलातला रेडिओ म्हणाला, चंद्रावर माणूस उतरला; तिथं दगडधोंड्यांशिवाय काही नाही. हॉटेलवाल्यानं चहा गाळला.

चिमटीभर बेगड. बाकीची सगळी शिंगांना लागली.

पोळ्याची अमावास्या.

तर हे सगळं आता पाखऱ्याच्या अंगावर होतं, रंगुबाईनं शिवलेल्या झुलीवर. झुलीच्या उजव्या अंगाला अंजिरी लुगड्याचा अग्निबाण, हातभर लांब, बुडाशी बेगडीचा जाळ. टोक मात्र बैलाच्या शेपटीकडे.

गावच्या पाटलांचा, आप्पासाहेबांचा, मानाचा बैल वेशीतल्या तोरणाखालून गेला होता. मागची रांग सरकत होती. वेशीच्या उजव्या हाताला चावडीच्या ओट्यावर सारे बाप्ये बसलेले. रंगुबाईच्या नवऱ्यानं, पुंजारामनं, पाखऱ्याला पुढं घेतलं, तसा ओटा खदखदून हसला.

"वैनी," सूर्यभान चावडीमागच्या घराच्या धाब्याकडं मान वर करून ओरडला, "बैल चालला वेशीकडं आन् तुमचा बाण माघारी रानातल्या गोठ्याकडं!"

धाब्यावर बायका उभ्या होत्या. त्यांतून रंगुबाई खाली उतरली. डोईवरचा पदर नीट केला आणि बैलापाशी येऊन उभी राहिली.

आप्पासाहेब हसले नव्हते. त्यांनी काठी आडवी धरली. हलगी थांबली.

"सूनबाई, त्यो शिनेमा आमी बी पायलाय. जामखेडच्या बाजारतळावर, म्होरल्या रांगेत बसून. बाण उजव्या हाताला गेल्ता. ह्ये उलटं निशान हाय. पोळ्याच्या दिशी उलटं निशान वेशीतनं न्हेऊन सालभर गावानं माघार घ्यायची का?"

"डाव्या हाताला गेल्ता, आप्पा."

"पुंजाराम, उसव त्ये. न्हाईतर बैल घरी ने."

तोरणाखालून न गेलेला बैल म्हणजे त्या घराचा पोळा झालाच नाही. पुंजारामनं कमरेचा विळा काढला. त्यानं तो सिनेमा कधी पाहिला नव्हता, पण त्याला तो तोंडपाठ होता. लहानपणी पाहिलेला तो सिनेमा रंगुबाईनं लग्न झाल्यापासून जात्यावर सांगितला होता, चुलीपुढं सांगितला होता, उसाच्या फडात मोळ्या बांधता बांधता सांगितला होता.

"झूल फिरवून टाकू का?" तो हळूच म्हणाला. "बाण त्या अंगाला जाईल. टोक बी म्होरं व्हईल."

"त्या अंगाला निस्ती भिंत हाय. भिंतीला दावायला शिवला का म्या?"

"आगं, आप्पांचं तरी ऐक."

"तुमी उसवा. मंग मी आन् पाखऱ्या हितंच बसतो, दिवस मावळस्तवर."

विळा तसाच राहिला.

"आगं बाई," आप्पासाहेब आता समजावणीच्या सुरात आले, "खरी मानसं जाऊन आली चंद्रावर. तिथं निस्ता धोंडा हाय म्हनं. आन् तू आजून त्या तंबूतच बसलीयास?"

"बसलीया. त्येंला धोंडा घावला आसंल, त्येंचं नशीब. आमच्या चंद्राला दार हुतं. दारात बाई उबी हुती, हातात दिवा घिऊन. बाण आला तवा ती भ्याली न्हाई. बाण डावीकडनं वर गेला, म्या ह्या डोळ्यांनी पायलाय."

"उजवीकडनं!" ओट्यावरून चार-पाच आवाज एकदम.

"डाव्याच हाताला," धाब्यावरून लंकाबाई म्हणाली. "मी तवा खर्ड्याला माहेरी हुते, तिथनं जामखेडला आल्ते. आयच्या कडंला बसून पायलाय."

"व्हय, डाव्या," छबूबाई म्हणाली.

"डाव्या," कडेला बसलेली साळूबाई बोळक्या तोंडानं म्हणाली. तिला आता दिसत नव्हतं. पण हात तिनं बरोबर डावा उचलला.

मग धाब्यावरच्या ज्यांनी ज्यांनी तो पाहिला होता, त्या सगळ्याच बोलल्या. वेगवेगळ्या माहेरच्या बायका, आणि एकच हात.

सूर्यभाननं कपाळाला हात लावला. "सगळ्या बाया एकाच साली आंधळ्या झाल्या का काय?"

यावेळी ओटा हसला नाही.

रंगुबाईनं नवऱ्याच्या हातातला कासरा घेतला. त्या गावात बाईनं पोळ्याचा बैल कधी धरला नव्हता. तिनं पाखऱ्याच्या मानेवर थाप मारली आणि सरळ वेशीकडं चालायला लागली. आप्पासाहेबांची काठी आडवी होती. ती काठीपाशी थांबली नाही. काठीलाच वर व्हावं लागलं.

हलगीवाल्याला वाजव म्हणायचं कुणाला सुचलं नाही. पाखऱ्या आपल्याच घुंगुरमाळेच्या नादात तोरणाखालून गेला. आंब्याची पानं त्याच्या वशिंडावरून घासली. चावडीवरच्या प्रत्येकाला अग्निबाण नीट दिसला. बैल वेशीत शिरत होता आणि बाण गावाबाहेर निघाला होता.

त्या साली जामखेडच्या तंबूत पुरुषांना सिनेमाच्या पडद्यापुढं बसवलं होतं आणि बायकांना त्याच पडद्यामागं.