न हललेला विजेता

"कुणाला खरं वाटणार नाही, पण माझ्या अंगाला डास चावायचा ना, तर त्याचीच सोंड मोडायची," पहाड म्हणाला.

सेक्रेटरीबाई हसल्या नाहीत. उद्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेला एक परीक्षक कमी पडत होता. नियम साफ होता: परीक्षकाच्या खुर्चीत बसायचं, तर माणूस स्वतः कधीतरी पहिला आलेला हवा. पहाडला ती खुर्ची हवीच होती. जिममधली पोरं हल्ली त्याला मागून 'टेकडी' म्हणायची.

पहिल्या नंबराचा पुरावा म्हणून त्याने आणलेला कप बाईंनी उलटासुलटा करून पाहिला. "कप बाजारातही मिळतात, काका."

"मग कप ठेवा खाली. मला विचारा."

बाईंचे वडील डंबेल्सजवळच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. दवाखान्यातून घरी नेता नेता बाईंनी त्यांना इथे आणलं होतं.

"किती वजन उचललं होतंत?"

"वजन? अहो, तो आणखी जुना खेळ. लोक तिकीट काढून लोखंड बघायला यायचे आणि घरी जाताना दंडांबद्दल बोलायचे. मग कुणाला तरी सुचलं, लोखंड राहू दे, नुसते दंडच दाखवू. आता पोरं तपकिरी रंग फासतात. आम्ही पांढरी भुकटी फासून संगमरवरी पुतळ्यासारखे उभे राहायचो. हलला तो हरला."

"आणि तुम्ही हलला नाहीत."

"पापणीसुद्धा नाही! पहिला नंबर पुकारला, टाळ्या पडल्या, तरी मी आपला तसाच. तेव्हा परीक्षकांनाच संशय आला."

"मलाही येतोय. मग?"

"एकाने नाकापुढे आरसा धरला. वाफ नाही. दुसऱ्याने गुदगुल्या केल्या. तिसरा महाबिलंदर, त्याने पोटरीत टाचणीच खुपसली."

"कुठल्या?"

"डाव्या."

"रक्त?"

"शिरा अशा आवळल्या होत्या, थेंब बाहेर येईल तर शपथ."

बाई त्याच्याकडे रोखून पाहत राहिल्या. तो कुठे अडखळतो का, हे त्या बघत होत्या. तो अडखळला नाही.

"एवढं बारीकसारीक कुणी रचून सांगत नाही," असं पुटपुटत त्यांनी पर्समधून परीक्षकाचा बिल्ला काढला. पहाडने छाती पुढे केली. पोट तिच्याही आधी पोचलं.

"बिल्ला आत ठेव, पोरी."

वडिलांचे डोळे उघडे होते.

"टाचणी खुपसणारा तो बिलंदर मी. टाचणी वाकली. आम्ही पहिला नंबर दिला होता मंचावर शोभेला ठेवलेल्या प्लास्टरच्या पुतळ्याला! जाहीर करून बसलो होतो, आता बोलायचं कुणाजवळ? तोंडं शिवली आणि कप देऊन टाकला पुतळा परत न्यायला आलेल्या हातगाडीवाल्याला. ह्याला!"