दुधाचा चहा

घरोघरचा खर्च टिपायला आलेली सरकारी सर्वेक्षक चेतना मीराबाईंच्या ओसरीवर बसली. अमेरिकेने इथून जाणाऱ्या मालावर कर वाढवला तसं सिलतऱ्याच्या कारखान्यातलं काम थांबलं, आणि मीराबाईंचा नवरा दोन महिन्यांपासून घरीच होता.

“मावशी, दूध रोज किती घेता?”

“अर्धा लिटर.” मीराबाईंनी दाट दुधाचा चहा तिच्या हाती दिला. “काम सुटलं म्हणून खाण्यापिण्यात हात नाही आखडला आम्ही.”

चेतनाने टॅबवर अर्धा लिटर भरलं, चहा संपवला आणि शेजारच्या पूर्णिमाला जाऊन तेच विचारलं.

“पाव लिटर, दीदी, पोट्टीपुरतं. आज तेही मीराबाई मागून घेऊन गेली. पाहुणी आली म्हणे.”

चहाची गोडी अजून चेतनाच्या जिभेवर होती. ती आल्या पावली मीराबाईंच्या दारात परतली.

“मावशी, दुधाचा आकडा पुन्हा एकदा सांगता का? दिल्लीले तुमचं घर दिसत नाही, हा आकडाच दिसते.”

मीराबाईंनी ओसरीवरचा रिकामा कप उचलला.

“काहीच नाही घेत, असं लिही,” त्या म्हणाल्या. “पण तुले दुधाचा चहा पाजला, ते बी लिहिजो कुठंतरी.”