पुराव्यातला ओजस

"बाबा, यंत्र डोक्यातून आठवण काढतं तेव्हा गुदगुल्या होतात का हो?" मैत्रिणींनी 'विचारून दाखवच' म्हटलं होतं, म्हणून बाबा कोर्टातून येताच ऋजुताने बिनधास्त विचारलं.

कारखान्याच्या विषारी वायूने तिचा धाकटा भाऊ ओजस गेला होता. बाबा वकील न लावता स्वतःच केस लढत होते. पण कारखान्याच्या वकिलाने ओजसबद्दल लिहून पाठवलेल्या प्रश्नांना उत्तरं लिहायला त्यांचा हात धजेना. शेवटी न्यायाधीशांनी घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यातली ओजसची आठवणच पुरावा म्हणून यंत्राने जप्त करायचा हुकूम काढला. आज बाबांची पाळी होती.

"छे गं, काहीच कळलं नाही," बाबा हसले. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाले, "गोड आहे हं मुलगा. कोणाचा?"

आईने ओजसचा फोटो उतरवून त्यांच्या हातात दिला.

"आई, बाबा, उद्या यंत्रात बसायची माझी पाळी आहे ना? मी जाणार नाही," ऋजुता म्हणाली. "केस हरलो तरी चालेल. ओजस या घरात राहायला हवा."